पावरा-भिल्ल विद्यार्थिनींमधलं परिवर्तन: प्रश्नावली की मुलाखत?

लघुप्रबंध_नंदुरबार: एम.एड.साठी विषय घेतलाय: महाविद्यालयीन शिक्षणामुळे पावरा आणि भिल्ल या आदिवासी समाजांतल्या मुलींच्या विचारांत काय बदललं? 60 जणींकडून प्रश्नावली भरून घ्यायचा बेत आहे. पुरेल का?

शिक्षणशास्त्र_वाचक: नुसती प्रश्नावली पुरणार नाही. ‘शिक्षणाने माझा दृष्टिकोन बदलला’ यापुढे बहुतेक जणी ‘पूर्ण सहमत’वर खूण करतील, वर्गात, प्राध्यापकांसमोर वेगळं लिहिणं जड जातं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॅक मेझिरो यांनी परिवर्तनशील अध्ययनाचा सिद्धान्त 1978 मध्ये मांडला, तो अमेरिकेत कॉलेजात परतलेल्या 83 स्त्रियांच्या अभ्यासातून. आधीच्या समजुतींत न बसणारा पेच पडतो आणि त्या समजुती तपासाव्या लागतात, हा त्याचा गाभा. पेच कोणता, हे खुणांवरून कळत नाही. 8-10 जणी घ्या, प्रत्येकीला 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोनदा भेटा. पहिल्या भेटीत तिलाच कागदावर आपल्या शिक्षणाच्या प्रवासाची रेघ काढू द्या: गावची शाळा, आश्रमशाळा, वसतिगृह, कॉलेज. हात जिथे थबकेल, तिथून विचारा.

सातपुडा_बोली: भाषेचं आधी ठरवा. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तकं. ‘दृष्टिकोन’ विचारलात तर पाठ्यपुस्तकी उत्तर येईल. ‘होळीला घरी गेलीस तेव्हा लग्नाचा विषय निघाला का? कोण काय म्हणालं? तू काय बोललीस?’ असं विचारा. पावरी वाक्य देवनागरीत जसंच्या तसं उतरवा, मराठी त्याखाली. थेट मराठीत उतरवलं तर तिचा शब्द जातो आणि तुमचा उरतो. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला एक अख्खा दिवस धरा.

लघुप्रबंध_नंदुरबार: मेझिरोंनी अशा बदलाचे 10 टप्पे सांगितलेत, ते तक्त्यात घालून उत्तरं त्यात बसवू का?

कोलाम_माडिया_अभ्यास: कृपा करून नको. त्या तक्त्यात घर म्हणजे मागासलेपण आणि कॉलेज म्हणजे मुक्ती असं आपोआप ठरून जातं. काही मुलींना बोलीची, गाण्यांची किंमत कॉलेजात आल्यावरच कळते. तेही परिवर्तनच, फक्त दिशा घराकडची. शिवाय हा बदल एकटीचा नसतो, धाकट्या बहिणीच्या प्रवेशातही दिसतो. आधी त्यांच्या शब्दांतून उत्तरांचे गट पाडा, सिद्धान्त नंतर ताडून बघा.

शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या 2-3 जणीही हव्यातच. तिथे जात वैधता प्रमाणपत्राचा किंवा शिष्यवृत्तीचा उशीर निघाला, तर त्याला ‘मानसिकता’ म्हणू नका.

ओळख लपवायला नुसतं नाव बदलणं पुरत नाही. तृतीय वर्ष भौतिकशास्त्राला एकच पावरा मुलगी असेल तर ती लगेच ओळखू येते. विषय आणि गावही गाळा. वसतिगृहाच्या अधीक्षकांसमोर मुलाखत घेऊ नका.