मदत हवी आहे: टॅग लागलेल्या डीएनएसचे तुकडे कॅप्चर फिल्टरमधून सुटतात

नमस्कार मंडळी. महाप्याच्या ऑफिसात लिनक्सवरचं मॉनिटरिंग यंत्र स्विचच्या मिरर पोर्टला (बाकी पोर्टांवरच्या वाहतुकीची नक्कल जिथे मिळते त्या पोर्टला) लावलंय. व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) २० टॅगसकट, म्हणजे फ्रेममध्ये व्हीलॅनचा नंबर घालून येतो, नेटिव्ह (मूळचा ठरलेला) व्हीलॅन बिनटॅगचा.

कोणती पॅकेटं पकडायची ते ठरवणाऱ्या कॅप्चर फिल्टरमध्ये नुसतं 'पोर्ट ५३' (डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेचा पोर्ट) लिहिलं की टॅगवालं डीएनएस दिसतच नाही, कारण टॅगचे ४ बाइट मध्ये आल्यावर आयपी हेडर तेवढं पुढे सरकतं. म्हणून 'पोर्ट ५३ ऑर (व्हीलॅन अँड पोर्ट ५३)' असं लिहिलंय. क्रम उलटा करू नका बरं का! 'व्हीलॅन' आधी आलं की त्यापुढच्या सगळ्या अटी टॅग धरूनच तपासल्या जातात आणि बिनटॅगचं गळतं.

अडलंय ते तुकड्यांपाशी. यूडीपीवरून (डीएनएस सहसा वापरतं तो साधा प्रोटोकॉल) आलेलं मोठं उत्तर १५०० बाइटच्या एमटीयूला (एका पॅकेटच्या कमाल आकाराला) तुटलं, तर पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. बाकीचे तुकडे फिल्टर टाकून देतो आणि उत्तर अर्धवट दिसतं. रिझॉल्व्हर (मशीनांसाठी नावं शोधून देणारा सर्व्हर) एकच असता तर त्याचा आयपी घालून भागलं असतं, पण इथली मशीनं थेट बाहेरच्या सर्व्हरांना विचारतात.

फ्रॅगमेंट ऑफसेट (मूळ पॅकेटात तुकड्याची जागा) शून्य नसलेले सगळे यूडीपी तुकडे घ्यावेत, की फिल्टर सैल ठेवून १०० एमबीच्या फिरत्या फायलींत भरून नंतर गाळावं? ज्यांनी हे चालवलंय त्यांनी फिल्टरची पूर्ण ओळ कृपया द्या.