वाचन दिनाला मुलांना नटवून पाठवायचं, मग वाचायचं कधी?

जुईची आई, कासारवडवली
१५ ऑक्टोबर जवळ आला. शाळेच्या ग्रुपवर फर्मान: आवडत्या पुस्तकातलं पात्र बनून या, पाच वाक्यं पाठ हवीत. लेक दुसरीत. म्हणजे ड्रेसचं भाडं, डिपॉझिट, मुकुटाचे वेगळे. वाक्यं मी लिहिणार, ती घोकणार, फोटो शाळेच्या पेजवर. अब्दुल कलामांच्या वाढदिवशी हा वाचन प्रेरणा दिन २०१५पासून राज्यभर होतो. हेतू चांगलाच. पण त्या दिवशी मुलं स्टेजच्या रांगेत ताटकळतात, वाचत कुणीच नाही. माझं मत, बंद करा हे. या भांडायला!

ऐरोलीचा बाबा
ताई, टोकाला जाताय. आमचा चिरंजीव गेल्या वर्षी बिरबल झाला होता. घामाने मिशी सुटली, तिसऱ्या वाक्याला गाडी अडली. पण तयारीच्या निमित्ताने रोज रात्री गोष्ट वाचायची सवय लागली, ती अजून टिकून आहे. मुलांना सण लागतो हो.

जुईची आई, कासारवडवली
रोज रात्री वाचून कोण दाखवतं? तुम्हीच ना? मग श्रेय मिशीला कशाला?

ऐरोलीचा बाबा
त्या मिशीमुळेच मी बसलो. एरवी ठाण्याला गाडी बदलून घरी पोचलं की मोबाइल आणि जेवण.

तिसरीच्या बाई
मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. कुठल्या, ते विचारू नका. वेशभूषेचा मलाही कंटाळा आहे, पण दिवस बंद करायला माझा सक्त विरोध. आमच्याकडे पुस्तकं आहेत, चांगली आहेत, कुलपात आहेत. प्रत्येकावर दाखल क्रमांक, वर्षअखेर मोजणी, आणि एक जरी कमी भरलं तरी खुलासा बाईंनी द्यायचा. मग सात-आठ वर्षांच्या पोरांच्या हाती कोण देणार? १५ ऑक्टोबरला वरून फोटो मागतात म्हणून तरी कपाट उघडतं. मी ते उघडल्यावर परत लावलंच नाही. खिडकीच्या गजांना सुतळी बांधली, पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टांगली. ज्याचं गणित आधी झालं त्याने उठून काढावं. एकाला जोडाक्षरं अजून जमत नाहीत. तो चित्रं बघून स्वतःचीच गोष्ट ठोकून देतो, तिच्यात दरवेळी म्हैस असते. चौघं-पाचजण कान देऊन ऐकतात. मी मध्ये पडत नाही.

नौपाड्याचे काका
शाळेवर कशाला अवलंबून राहता? ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे. शनिवारी बोट धरून न्या नातवंडांना.

जुईची आई, कासारवडवली
काका, तुम्हाला ते चालत जाण्याइतकं जवळ. आम्ही घोडबंदरवरून निघालो की मानपाडा येईपर्यंत पोर झोपलेलं असतं.

कोपरखैरणेकर
नको तिथे भांडताय. आमची मुलं इंग्रजी माध्यमात, मराठी अक्षर लावत लावत वाचतात. त्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं मराठी याच दिवशी दिसतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. वर्गात किती जणांना माहीत होतं? शून्य.

ऐरोलीचा बाबा
फुकट आहे, पण स्क्रीनवर. पुन्हा मोबाइलच हातात.

जुईची आई, कासारवडवली
बाई, पुस्तकं फाटली, हरवली की काय करता?

तिसरीच्या बाई
फाटलं तर चिकटपट्टी. मागच्या मोजणीत दोन कमी भरली. खुलाशात लिहिलं, ‘विद्यार्थ्यांच्या वापरात.’ अजून तरी कुणी बोलावलेलं नाही.

जुईची आई, कासारवडवली
बरं, दिवस राहू दे. मुकुट मात्र मी आणणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाने घरून एक पुस्तक आणावं, तासभर अदलाबदल करून वाचावं, असं ग्रुपवर टाकते.

ऐरोलीचा बाबा
टाका. आमच्याकडे मिशी असणारच.