लाकडाचा स्टोव्ह घरात बसवायचा आहे: भिंतीपासून अंतर, पाइप आणि रात्रीची आग

सांजवात

नमस्कार. यंदा थंडी सुरू व्हायच्या आत बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचा आहे. ओळखीतल्या एकांकडून बिडाचा, काचेच्या दाराचा, जुना पण धडधाकट स्टोव्ह मिळालाय. माहितीपत्रक वगैरे काही नाही. खोली ४ बाय ५ मीटर, छत २.६ मीटरवर. ज्या भिंतीशी ठेवायचा तिला लाकडी फळ्या मारलेल्या आहेत.

बसवणारे गृहस्थ म्हणतात, फळ्यांवर पातळ विटांचा थर चिकटवून टाकू आणि पाइप खिडकीच्या वरच्या तावदानातून आडवा बाहेर काढू, एका दिवसात काम होईल. इतक्या सहज म्हणाले की मलाच धास्ती वाटायला लागली. सासरे म्हणतात, रात्री दोन मोठे ओंडके टाकून हवा बंद केली की सकाळपर्यंत ऊब टिकते. यातलं कितपत बरोबर आहे? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

गवती

पाइप खिडकीतून मुळीच नको. आमच्याकडे तसा होता. वारा समोरून आला की धूर घरात आणि आम्ही घराबाहेर. बाकीचं जुना भाता सांगतील, त्यांना या विषयावर फक्त कुणीतरी विचारायचा अवकाश असतो.

जुना भाता

विचारलंच आहे, तर लांबण लागणार.

सांजवातताई, आधी माझं सांगतो. आमच्या स्टोव्हचा दुसरा हिवाळा. रात्री साडेअकराच्या सुमारास पाइपमधून घरघर ऐकू यायला लागली, आधी भाता चालल्यासारखी, मग डोक्यावरून विमान गेल्यासारखी. बाहेर जाऊन पाहतो तर धुराड्याच्या तोंडातून जाळ. आत साठलेली काजळी पेटली होती. अशा आगीत पाइपच्या आत १००० अंश सेल्सियसच्या वर तापमान जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच सुचलं: हवेची झडप बंद, दार घट्ट, सगळे घराबाहेर आणि अग्निशमन दलाला फोन. बायको पाण्याची बादली घेऊन आली होती, तिला मागे ढकललं. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतलं तर ते तडकतं आणि वाफ ओतणाऱ्याच्याच अंगावर येते.

घर वाचलं. पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी. पाइप छतातून जातो तिथला वासा सुताराने उघडा केला, तर एक कड कोळसा झालेली. मी म्हटलं, रात्रीच्या आगीने. त्याने नखाने खरवडून दाखवलं, काळेपणा दोन बोटं आत गेला होता. "हे एका रात्रीचं नाही साहेब, हे दोन वर्षं भाजतंय." पाइप त्या वाशाला फार जवळ होता. लाकडाला महिनोन्‌महिने उष्णता मिळत राहिली की ते आतून हळूहळू बदलतं, आणि एरवी पेटायला जेवढं तापमान लागतं त्याच्या कितीतरी खाली पेटू शकतं. म्हणजे दोन वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ पुढेही होणार नाही असा नसतो. वाशाचा तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

म्हणून तुमच्या विटांच्या थराबद्दल माझं स्पष्ट मत: त्याने भिंत फक्त दिसायला सुरक्षित होते. विटा तापतात आणि चिकटवलेल्या असल्या की ती धग सरळ मागच्या फळ्यांना देतात. शिवाय आता फळ्या झाकल्या गेल्या, म्हणजे त्या काळ्या पडताहेत हे कळणारही नाही.

माहितीपत्रक नसलेल्या स्टोव्हसाठी उत्तर अमेरिकेतला नियम मी धरतो: जळू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून स्टोव्ह ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर, आणि एकेरी पत्र्याचा पाइप १८ इंच, म्हणजे ४५ सेंटिमीटर दूर. फळ्या काढता आल्या तर उत्तमच. नाहीतर मध्ये धातूचा पत्रा उभा करा, पण भिंतीपासून निदान २५ मिलिमीटर सुटा, खाली आणि वर उघडा. मागून हवा वर चढत राहते आणि उष्णता घेऊन जाते. असा पत्रा नीट बसवला तर ते ९० सेंटिमीटर कमी करता येतात. किती, ते जाणकार माणसाने प्रत्यक्ष बघून ठरवावं. स्टोव्हखाली दगड किंवा फरशी हवी, आणि ती दारासमोर ४५ सेंटिमीटर पुढे आलेली हवी, कारण ठिणग्या तिथेच पडतात.

पाइप. सरळ वर. धुराला वर जायला आवडतं, त्याला आडवं चालायला लावलं की तो रेंगाळतो, थंड होतो. साधारण १२० अंशांच्या खाली गेला की त्यातली डांबरासारखी वाफ पाइपला आतून चिकटते. माझ्याकडे पेटलं ते हेच. छतातून जाणारा भाग दुहेरी, मध्ये उष्णतारोधक भरलेला असावा. धुराडं छपरातून निघतं तिथपासून किमान ९० सेंटिमीटर वर, आणि आजूबाजूच्या ३ मीटरमधल्या कशाहीपेक्षा ६० सेंटिमीटर उंच.

एक गंमत. पाइपचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं अरुंद टोक खालच्याच्या आत जायला हवं. सगळ्यांना हे उलटं वाटतं, धूर फटीतून बाहेर येईल असं वाटतं. पण चालू धुराडं फटीतून हवा आत ओढतं. बाहेर येतं ते ओघळणारं डांबर, आणि ते परत स्टोव्हमध्येच पडायला हवं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

सासऱ्यांना नमस्कार सांगा. मीही रात्री तेच करायचो, म्हणून तर ते विमान ऐकलं. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, दोन्ही त्यातूनच वाढतात. झोपायच्या आधी जाळ मोकळेपणी जळून निखाऱ्यांवर येऊ द्यावा. पहाटे थोडी थंडी वाजते, पांघरूण असतं.

सांजवात

वाशाचं वाचून पोटात गोळा आला. फळ्या काढायचं नक्की केलं. लाकूड पुरेसं वाळलंय हे कसं ओळखायचं? आणि त्या वायूचा अलार्म कुठे लावायचा?

कुऱ्हाड

लाकडाचं मी सांगतो. ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओलमापक स्वस्त असतो, पण लोक तो ओंडक्याच्या टोकाला लावून खूश होतात. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला लावा. मापक नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या थप्प करतात. लाकूड तोडल्यावर लगेच फोडून ठेवलं तरी वाळायला निदान सहा महिने लागतात, कठीण लाकडाला दोन वर्षंसुद्धा. ढीग वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी सगळा ढीग प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता, अळंबी छान आली.

रंगवलेलं, प्लायवूड, वाळवीसाठी औषध लावलेलं लाकूड जाळू नका. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिक असू शकतं, ते धुरात आणि राखेत येतं.

आणि राख! मी ती एकदा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवली होती. हात घालून पाहिला होता, गार होती. दुसऱ्या दिवशी खोक्याचा तळ नव्हता. राखेच्या पोटात निखारा काही दिवस जिवंत राहतो. झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती घराबाहेर दगडावर ठेवा.

जुना भाता

अलार्म: एक स्टोव्हच्याच खोलीत, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर, आणि एक झोपायच्या खोलीजवळ. या वायूला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, पण ताप नसतो, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. हे घरात एकापेक्षा जास्त जणांना एकदम झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा असेल तर स्टोव्ह चालू असताना तो लावून बघा. घर बंद असेल तर पंखा धुराड्यातून धूर उलटा खेचतो. आमच्याकडे खेचत होता. बाहेरची हवा आत यायला कायमची उघडी जाळी ठेवावी लागली.

मुलीसाठी भिंतीला पक्कं बसवलेलं कठडं लावा. काच २०० अंशांच्या वर जाते आणि मुलांना तीच हात लावाविशी वाटते. वर्षातून एकदा तरी धुराडं झाडून घ्या. स्टोव्हच्या दाराच्या कडेने खाचेत बसवलेली, फट बंद करणारी दोरीही बघा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं, पट्टी अलगद निघाली तर दोरी गेली.

सांजवात

फळ्या उतरवल्या, मागे वीट निघाली! त्या गृहस्थांना नाही म्हटलं, ते जरा रागावले. दुसरे येऊन बघून गेले, पाइप छतातूनच जाईल. सासरे सध्या पंखा आणि कागदाची पट्टी घेऊन सगळ्यांना तपासणी करून दाखवताहेत. पट्टी दारात तीन ठिकाणी अलगद निघाली. नवी दोरी किती जाडीची आणायची? जुनी मोजली तर ८ मिलिमीटर भरते.

जुना भाता

जुनीवर जाऊ नका, ती दाबून चपटी झालेली असते. ती उपटा, खाच घासून साफ करा आणि खाचेची रुंदी मोजा.