मदत हवी आहे: नॉर्वेतली १७८५ ची बाप्तिस्म्याची नोंद, तारीख आणि वाडीचं नाव लागत नाहीये

धागाकर्ता:
गुडब्रान्ड्सडालमधल्या एका पॅरिशचं (चर्चच्या हद्दीतल्या गावांचं) चर्चचं पुस्तक आहे, डिजिटालआर्किवेट या नॉर्वेच्या ऑनलाइन अभिलेखागारावरचं स्कॅन. वाचता आलं ते असं: 'डॉम. ३ पी. ट्रिन.', बापाचं नाव हान्स ओल्सेन, मग एक शब्द (कापून सोबत जोडलाय) जो मला 'एस-टी-एन-एन-एन' दिसतो, मुलाचं नाव ओले. शेवटी 'फॅड.' आणि पाच नावं. आईचं नाव कुठेच नाही. दुसऱ्या एका दफनाच्या नोंदीत '१२ ७ब्र' आहे, तो मी जुलै धरलाय. मुलाचा पुढचा माग 'ओले ओल्सेन' म्हणून काढतोय, पण काहीच हाती लागत नाही.

प्रतिसाद १:
आधी तारखा. ७ब्र म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमधला 'सेप्टेम' म्हणजे सात. तसंच ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर आणि १०ब्र किंवा एक्सब्र डिसेंबर. शिवाय त्या काळच्या पुस्तकात दफनाची तारीख असते, मृत्यूची बहुतेक नसतेच.

'डॉम. ३ पी. ट्रिन.' म्हणजे ट्रिनिटी या ख्रिस्ती सणानंतरचा तिसरा रविवार. आपल्या जुन्या कागदात 'ज्येष्ठ शुद्ध पंचमी' असते आणि इंग्रजी तारीख जंत्रीवरून काढावी लागते, तसंच हे. इथे सगळं ईस्टरवर चालतं. १७८५ चा ईस्टर २७ मार्चला. त्यानंतर आठ आठवड्यांनी ट्रिनिटी, २२ मे. तिथून तिसरा रविवार १२ जून. ट्रिनिटीचा रविवारच पहिला मोजला की ५ जून येतो, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. ही तारीख बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे. १७०० च्या आधीची नोंद असेल तर ईस्टर जुन्या ज्युलियन पंचांगाने काढा. डेन्मार्क-नॉर्वेत १८ फेब्रुवारी १७०० नंतर थेट १ मार्च उजाडला.

नोंदीत तारखेऐवजी 'एओड.' दिसलं तर 'त्याच दिवशी', म्हणजे पानावर वर सरकायचं.

प्रतिसाद २:
तो शब्द 'स्टेन' असावा (एस-टी-ई-ई-एन). गॉथिक हस्ताक्षरात छोटा 'ई' दोन काड्यांचा असतो, अगदी 'एन'सारखा. 'यू'सुद्धा तसाच, पण त्याच्या डोक्यावर छोटी कमान असते. कमान नसेल तर 'एन' किंवा 'ई' समजा. त्यामुळे अक्षरं ओळखण्याआधी काड्या मोजा: तुमच्या शब्दात 'टी'नंतर सहा काड्या असतील तर हिशोब जुळतो. लांब 'एस' आणि 'एफ' यांचीही गल्लत होते.

मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून मोडी जितकी वाचता येते, तितकंच हे. खरी मदत त्याच पाद्र्याच्या हाताची होते. 'डॉम.', 'फॅड.', हान्स, ओले हे शब्द तुम्हाला माहीत आहेत. त्यातून त्याच्या अक्षरांचा आपला तक्ता बनवा. पाद्री बदलला की तक्ताही बदलायचा. आणि पुढच्या वेळी शब्द कापून टाकू नका, पूर्ण पान द्या.

वाडीचं नाव ओलुफ रिग यांच्या 'नोर्स्के गोर्डनावने' या नॉर्वेतल्या वाड्यांच्या नावांच्या कोशात पडताळा, पॅरिशवार दिलेलं आहे. 'स्टेन' नॉर्वेत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून पॅरिश धरूनच बघा.

प्रतिसाद १:
'ओले ओल्सेन' सापडणार नाही, कारण तो ओले हान्सेन आहे. बापाच्या नावाला 'सेन' जोडायचं, मुलगी असेल तर 'डॅटर'. ओल्सेन हे हान्सचं, म्हणजे त्याच्या बापावरून आलेलं. वाडीचं नाव हा पत्ता, वाडी सोडली की तेही बदलतं. वंशपरंपरागत आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली.

आईचं नाव न लिहिणं त्या काळात नवं नाही. १८०१ च्या जनगणनेत तो सापडायला हवा. ती १ फेब्रुवारीची, आणि तिथे चालू वर्षाचं वय लिहितात, म्हणून १५ ऐवजी १६ दिसेल.

धागाकर्ता:
मिळाला! स्टेनवरच, वय १६. हान्सच्या बायकोचं नावही आहे. म्हणजे आई तीच?

प्रतिसाद २:
लगेच धरू नका. त्याच जनगणनेत लग्न कितवं तेही लिहिलेलं असतं. हान्सचं दुसरं लग्न असेल तर ही सावत्र आई असू शकते. १७८५ च्या आधीची दहा वर्षं विवाहाच्या नोंदी चाळा. ती पाच नावंही टाकून देऊ नका: ते फॅडरे, म्हणजे बाप्तिस्म्याचे साक्षीदार, आणि बहुतेक नात्यातलेच. पहिली बाई बहुधा बाळ उचलून नेणारी असते. त्यांची 'सेन' आणि 'डॅटर' नावं आणि वाड्या एका कागदावर मांडा; दोघांतिघांचं बापाचं नाव एकच निघालं आणि ते बायकोच्या नावाशी जुळलं, तर ती भावंडं असण्याची शक्यता बरीच वाढते.

चर्चच्या पुस्तकाची लिपीकाने ठेवलेली दुसरी प्रत (क्लोक्केरबोक) १८१४ च्या पुढे मिळते. १७८५ ला तिची आशा धरू नका.