मदत हवी आहे: मलेरिया वॉर्डातूनच लागला का, हे कसं शोधायचं?

मंडळी, बाबांना (वय ६८, मधुमेह) हर्नियाच्या ऑपरेशनसाठी उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात सहा दिवस ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर फाल्सिपेरम मलेरियाचा (मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार) रुग्ण होता. भरती झाल्यापासून तेराव्या दिवशी बाबांना हुडहुडी भरून ताप आला, रक्ततपासणीत फाल्सिपेरमच निघाला. उपचार चालू आहेत, ताप उतरलाय. औषधांबद्दल विचारत नाहीये.

रक्त चढवलेलं नाही. दोन महिन्यांत मुंबईबाहेर गेलेले नाहीत. इमारतीत दुसऱ्या कुणाला ताप नाही, पालिकेची माणसं टाकी बघून गेली, अळ्या नव्हत्या.

वॉर्डाच्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या, म्हणजे डासाची शक्यता आहेच. पण रुग्णाला चावल्यावर डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात, मग शेजाऱ्याकडून बाबांना सहा दिवसांत कसं पोचेल? आधीच्या एखाद्या रुग्णाला चावलेला डास असेल तर गोष्ट वेगळी. मला जास्त खटकतं ते दुसरंच: सलाईनची सुई मोकळी राहावी म्हणून हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचे, ते दोघांनाही एकाच बाटलीतून. सिरिंज दर वेळी नवी होती का, की वापरलेलीच पुन्हा बाटलीत घालून शेजाऱ्याचं रक्त त्यात गेलं, ते मी पाहिलं नाही.

रुग्णालयाचं उत्तर: "पावसाळ्यात मुंबईत होतोच." नर्सिंगच्या नोंदींची प्रत मागितली आहे, मिळालेली नाही. बाबांची उपचाराआधीची स्लाइड (रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी) मात्र लॅबकडे आहे.

नोंदींत नेमकं काय बघू? आणि दोघांचे परजीवी एकाच वाणाचे आहेत का, हे त्या स्लाइडवरून मुंबईत कुठे तपासून मिळेल?