मदत हवी आहे: पावसाळ्यात पीएलजीएची ड्राय पावडर गोळा होते

रत्नागिरीतल्या लॅबमध्ये फुफ्फुसात ब्युडेसोनाइड (दम्यावरचं स्टिरॉइड) हळूहळू सोडणारी पावडर करतोय. फक्त संशोधनासाठी, रुग्णांना देत नाही. पीएलजीए (शरीरात विघटन होणारं पॉलिमर; लॅक्टिक-ग्लायकोलिक ५०:५०) आणि औषध डायक्लोरोमिथेनमध्ये, ल्युसीन (पावडर सुटी राहावी म्हणून घातलेलं अमिनो आम्ल) पाण्यात, इमल्शन करून स्प्रे ड्राय. ल्युसीन २० टक्के. ड्रायरच्या आउटलेटचं तापमान ४० अंशांवर जाऊ देत नाही. ओलाव्याने पीएलजीएचा टीजी (ज्या तापमानाला पॉलिमर मऊ पडतं ते) उतरतो आणि माल सायक्लोनलाच (ड्रायरचं पावडर गोळा करणारं भांडं) चिकटतो.

हिवाळ्यातल्या बॅचा १ ते ५ मायक्रॉनमध्ये नीट बसायच्या. आता खोलीत आर्द्रता ८५-९० टक्के. ट्रेमधली पावडर कॅप्सूल भरेपर्यंत ओल्या रेतीसारखी गोळा होते, एनजीआयवर (श्वासातून जाणाऱ्या कणांचा आकार मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० लिटर प्रवाहाला बरीचशी प्री-सेपरेटरमध्येच (जाड कण आधीच अडवणारा भाग) अडकते.

करून झालेलं: जिलेटिनऐवजी एचपीएमसी (सेल्युलोजपासूनची) कॅप्सूल (जिलेटिनमध्ये मुळातच १३-१६ टक्के पाणी), ॲल्युमिनियम पाऊचमध्ये सिलिका जेल, रात्रभर व्हॅक्यूम. साठवणुकीत फरक पडला, भरताना नाही. डीह्युमिडिफायर ६० टक्क्यांखाली उतरत नाही, त्यात दिवसातून दोनदा लाइट जाते. कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये उलटाच ताप: स्थिर विजेमुळे पावडर स्पॅच्युला आणि कॅप्सूलच्या काठाला चिकटून बसते, वजन जुळत नाही. ओव्हनमध्ये सुकवा म्हणू नका, टीजीचं वर सांगितलंच आहे. ड्राय रूमचं बजेट नाही.

किनाऱ्यावर असं काम करणाऱ्यांनी सांगावं: ग्लोव्ह बॉक्समध्ये भरताना आर्द्रता नेमकी किती ठेवता, आणि ती कशाने धरून ठेवता? शिवाय १ टक्का मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळलं तर पावडर सुटी राहील, पण औषध सुटण्याचा वेग बदलतो का?