आधी एक चट्टा, मग पाठभर, हे गजकर्ण नाही तर काय?

रानवारा: भावाच्या पोटावर आधी एकच मोठा गुलाबी चट्टा आला, मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली, आठ दिवसांनी पाठभर बारीक चट्टे. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या गजकर्ण नाही, पिटिरायसिस रोझिया, म्हणजे गुलाबी चट्ट्यांचा वेगळा त्वचेचा त्रास. घरात पसरेल का?

चहाबाज: मला झालेलं. पहिला मोठा तो 'हेराल्ड पॅच', मग पाठीवर तिरक्या ओळीत बाकीचे. घरात सहसा पसरत नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही, साधारण ६ ते ८ आठवड्यांत आपोआप जातं, खाज असेल तर मॉइश्चरायझर नि डॉक्टर देतील ती गोळी, कढत पाण्याची आंघोळ मात्र बंद.

खडीसाखर: ती ट्यूब बघा आधी, बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असतं, खरं गजकर्ण असलं तर उलट चिघळतं. आणि गरोदर बाईला असं झालं तर लगेच दाखवायचं हां.

रानवारा: ट्यूब फेकली. आई अजून कडुलिंबाच्या पाण्यावरच अडून आहे.